ताप नाही म्हणणारी माणसं

साथ आली, बस बंद झाल्या, आणि तिसऱ्या आठवड्यात कंडक्टरबाईंच्या हातात तिकिटाच्या यंत्राऐवजी ताप मोजायची बंदूक आली.

त्याचं असं झालं. आगारप्रमुखांनी सगळ्या चालक-वाहकांना पटांगणात लांब लांब उभं करून सांगितलं, की आरोग्य केंद्राला माणसं कमी पडताहेत. दारोदार जाऊन कुणाला ताप आहे का, खोकला आहे का, दम लागतो का ते विचारायचं, नोंद करायची आणि संध्याकाळी कागद केंद्रावर द्यायचे. ज्यांची तयारी असेल त्यांनी हात वर करावा. सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले. बाईंनी हात वर केला. घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, एवढ्या माणसांत तुलाच पुढे व्हायची काय गरज होती? बाई म्हणाल्या, तीन आठवडे तुमच्यासमोर बसून काढलेत, आता मला समोर कुणीही चालेल.

नवरा हसला. तो पुस्तकबांधणीच्या कारखान्यात होता. तो कारखानाही बंद होता, आणि वेळ जाईना म्हणून त्याने घरातल्या जुन्या वह्यापुस्तकांना नवे पुठ्ठे चढवायला घेतले होते. चिकटवायला रोज सकाळी शेगडीवर पिठाची खळ शिजायची आणि दिवसभर घराला तिचा आंबूस वास असायचा. मुलगी लग्न होऊन लांबच्या गावी. ती फोनवर आईला ओरडली, मग बाबांना ओरडली, आणि शेवटी म्हणाली, निदान मास्क तरी नाकावर ठेव, हनुवटीवर नको.

बाई त्रेपन्न वर्षांच्या. सव्वीस वर्षं त्यांनी चौदा नंबरच्या बसमध्ये काढली होती. भरल्या गाडीत कोण कुठे चढला, कुणी तिकीट काढलं, कोण अजून खिसे चाचपतोय, हे त्यांना मागे वळून न बघता ठाऊक असायचं. बिनतिकीट माणूस दोन जातीचा, असं त्या सांगायच्या. एक खिडकीबाहेर असं बघतो, जणू हा रस्ता जन्मात पहिल्यांदा बघतोय. दुसरा आपल्याकडे बघून ओळखीचं हसतो. पण बाई कधी भांडल्या नाहीत. भांडलं की माणसाला बळ येतं, म्हणायच्या. त्या नुसत्या त्याच्या शेजारी जाऊन उभ्या राहायच्या. एक थांबा जायचा, दुसरा जायचा, आणि तिसऱ्याच्या आधी हात खिशात गेलेला असायचा.

गोदामांच्या मागच्या चार गल्ल्या त्यांच्या वाट्याला आल्या. बरोबर केंद्रातली एक सिस्टर होती, चोवीस-पंचवीस वर्षांची, बोलायला मोजकी, हात सारखे धुऊन धुऊन सालपटं निघालेली. पहिल्या दिवशी ती 'मॅडम' म्हणत होती, दुसऱ्या दिवसापासून 'मावशी' म्हणायला लागली. सिस्टर प्रश्न विचारायची आणि लिहून घ्यायची. बाई बंदूक कपाळासमोर धरायच्या, आणि बोटाला चिमट्यासारखं लावायचं ते छोटं यंत्र लावायच्या, रक्तात प्राणवायू किती आहे ते सांगणारं.

पहिल्या आठवड्यातच बाईंच्या लक्षात आलं, की ही माणसं त्यांच्या जुन्या ओळखीची आहेत. म्हणजे तोंडं नवी, पण सबबी त्याच. पूर्वी 'पास घरी राहिला' म्हणायची, आता 'हवा बदललीय' म्हणत होती. कुणाचा घसा गार पाण्याने बसलेला, कुणाचं अंग गादीमुळे दुखत होतं. एका घरात चौघंजण एकाच वेळी सर्दीने बेजार, आणि चौघंही म्हणत होते की आमच्याकडे कुणालाच काही नाही. कारण उघड होतं. आजार निघाला की घरावर कागद लागायचा, माणूस उचलून न्यायचे, शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. त्यामुळे कुणी ताकास तूर लागू देत नव्हतं. एक आजोबा तर बंदूक बघताच म्हणाले, अहो, ताप नाही मला, पण तुम्ही ती रोखलीत की येतो.

दुसऱ्या गल्लीत एक सुतारमिस्त्री राहायचे. पुढे कारखाना, मागे दोन खोल्या. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा बोटीवर नोकरीला आणि साथीमुळे तिकडेच अडकलेला. घरात मिस्त्री आणि सून. त्या दिवशी मिस्त्री कारखान्यात स्टुलावर बसले होते. दाढी केलेली, अंगात धुतलेला सदरा, पाठीचा कणा ताठ. सिस्टरने विचारलं तसं त्यांनी सांगितलं, की ताप नाही, काही नाही. खोकला आहे, पण तो भुशाचा. चाळीस वर्षांपासून आहे, आता तो घरचाच झालाय.

बंदुकीनेही त्यांच्यासारखंच सांगितलं. ताप नव्हता. सिस्टरने लिहून घेतलं आणि ती पुढच्या दाराकडे वळली. बाई मात्र जमिनीकडे बघत उभ्या राहिल्या. जमीन लख्ख झाडलेली होती. लाकूड आवळून धरायच्या शेगड्यात दाबलेली फळी होती, तिच्यावर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ. एकही ताजी ढलपी कुठे दिसत नव्हती.

"मिस्त्री, शेवटचा रंधा कधी मारलात?" बाईंनी विचारलं.

"काल," मिस्त्री म्हणाले. मागच्या दारात उभ्या असलेल्या सुनेने छताकडे बघितलं.

बाईंनी त्यांचं बोट मागून घेऊन यंत्र लावलं. आकडा चौऱ्याऐंशीवर थांबला. सिस्टर परत आली. तिने बोट चोळून गरम केलं, दुसरं बोट घेतलं. त्र्याऐंशी. मिस्त्री म्हणाले, तुमचं खेळणं बिघडलंय. मला दमबिम काही लागत नाही. पण हे सांगताना दर चार शब्दांनंतर ते थांबत होते, जसं कुणी सावकाश, विचार करून बोलावं तसं. बाईंनी यंत्र स्वतःच्या बोटाला लावून दाखवलं. अठ्ठ्याण्णव. सुनेला लावलं. सत्त्याण्णव. पुन्हा पुसून मिस्त्रींना लावलं. चौऱ्याऐंशी.

सिस्टरने समजावून सांगितलं, की या आजारात असं होतं. प्राणवायू खाली खाली जातो आणि माणसाला त्याचा पत्ताच लागत नाही, तो आपला गप्पा मारत बसतो. आत्ता दवाखान्यात गेलात तर नळीने प्राणवायू देता येईल. दोन दिवसांनी कदाचित फार उशीर झालेला असेल. मिस्त्री म्हणाले, हातातलं कपाटाचं दार पुरं करतो आणि जातो. सिस्टर पुन्हा सांगायला लागली, तेव्हा बाईंनी तिला हाताने थांबवलं आणि त्या नुसत्या उभ्या राहिल्या. जराशा अंतरावर, हात बांधून. गल्लीतून कुणाची तरी सायकल गेली. सून दाराची चौकट धरून होती.

बऱ्याच वेळाने मिस्त्रींनी मान खाली घातली. "आठ दिवस झाले," ते म्हणाले. "उठलो की डोळ्यांपुढे अंधारी येते. हिला सांगितलं नाही. ही घाबरते."

"मी घाबरलेलीच आहे, बाबा," सून म्हणाली. "पडद्याआडून रोज तुमचा श्वास मोजते मी. तुम्हीच बोलत नव्हता."

तासाभराने गाडी आली. मिस्त्री स्वतःच्या पायांनी चढले. चढताना सुनेला एवढंच म्हणाले, की करवतींना तेल लावून ठेव, हवेत ओल आहे.

या गोष्टीची केंद्रावर चर्चा झाली. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, की नुसती कागदावरची उत्तरं भरू नका, कंडक्टरबाईंसारखं बघायला शिका. बाई म्हणाल्या, छे, त्यात काय एवढं. पण घरी जाऊन त्यांनी नवऱ्याला ते दोनदा सांगितलं. माणूस कौतुकाने जरा फुगतोच.

मग पंधरा दिवसांनी बाईंचं डोकं दुखायला लागलं.

आधी डोकं, मग कंबर, मग पोटऱ्या. घशात कुणी तरी काथ्या फिरवल्यासारखं. बाई म्हणाल्या, ऊन लागलं असेल. चार गल्ल्या चालायच्या, मास्कमधून दिवसभर ओरडून बोलायचं, घसा दुखणार नाही तर काय होणार? हीच कारणं त्यांनी दारोदार शंभरदा ऐकली होती आणि ऐकून मनात हसल्या होत्या. पण कारण आपल्या तोंडून निघालं की ते सबब वाटत नाही, खरंच वाटतं.

रोज सकाळी केंद्रावर कामाला निघण्याआधी सगळ्यांचा ताप बघत. बाईंनी घरून निघताना एक गोळी घेतली. डोकेदुखीसाठी, असं स्वतःलाच सांगितलं. केंद्रावर ताप निघाला नाही. दुसऱ्या दिवशीही गोळी घेतली, तिसऱ्या दिवशीही. आपण बसलो तर सिस्टर एकटी पडेल, हे एक कारण होतं. आपल्याला कुठल्याशा हॉलमध्ये पन्नास खाटांत नेऊन टाकतील, हे दुसरं. आणि तिसरं त्यांनी पुढे फार दिवसांनी नवऱ्याला सांगितलं: डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांसमोर नाव घेतलं होतं, आता त्याच नावापुढे 'आजारी' कसं लिहून द्यायचं? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

तिसऱ्या दिवशी तिसऱ्या गल्लीत, हिरव्या दाराच्या घरात, घसा इतका कोरडा पडला की त्यांनी पाणी मागितलं. तिथल्या वहिनींनी तांब्या-भांडं आणून दिलं. दहाएक वर्षांची त्यांची मुलगी शेजारी उभी राहून बंदूक हातात द्या म्हणून मागे लागली होती. बाईंनी मास्क खाली केला आणि उंबऱ्यातच उभं राहून दोन भांडी पाणी प्यायलं. सिस्टर तेव्हा समोरच्या घरात होती.

त्या संध्याकाळी नवऱ्याने शेगडीवर खळ ठेवली आणि जरा बघ म्हणून सांगून तो बाहेरच्या खोलीत गेला. बाई शेगडीपाशीच उभ्या होत्या, डोळे मिटून, ओट्याला टेकून. थोड्या वेळाने नवरा धावत आत आला.

"अगं, खळ करपली! तू इथेच उभी आहेस ना?"

बाईंनी डोळे उघडले. पातेल्याचं बूड काळं झालं होतं, धूर छताला लागला होता. त्यांना कशाचाही वास आला नव्हता. त्यांनी पातेलं उतरवलं, त्यावर वाकून श्वास घेतला. काही नाही. साबण हुंगला. मग मोरीतली फिनेलची बाटली उघडून नाकाशी धरली. डोळ्यांना झोंबलं, नाकाला काही कळलं नाही. नाक होतं तिथेच होतं, पण आत कुणी राहत नव्हतं.

नवरा पंचा घेऊन धूर हाकलत होता. बाईंनी त्याला लांबूनच हाताने थांबवलं, बाहेरच्या खोलीत जाऊन बसा म्हणाल्या, आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मग सिस्टरला फोन लावला.

"सिस्टर, मी तीन दिवस तुमच्याशी खोटं बोलतेय," त्या म्हणाल्या. "मला ताप आहे. सकाळी गोळी घेऊन येत होते."

पलीकडे वही उघडल्याचा आवाज आला. मग सिस्टरने विचारलं, "तीन दिवसांत कोणकोणती घरं झाली, आठवतील?"

बाईंनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. चौदा नंबरचे थांबे म्हणावेत तशी घरं सांगत गेल्या. पहिली गल्ली, जिन्याखालचं घर, दार म्हाताऱ्या बाईंनी उघडलं, मी तीन पावलं लांब होते. त्याच्या शेजारचं, कुलूप. वरचं, दोघं भाऊ, थोरल्याच्या बोटाला यंत्र मी लावलं. कुठे किती वेळ उभ्या होत्या, कुठे जिन्यात कठड्याला हात लागला, एकही घर सुटलं नाही. पस्तीस घरं झाली. हिरव्या दारापाशी आल्या तेव्हा थांबल्या, आणि पाण्याचंही सांगितलं.

सिस्टरने सगळं लिहून घेतलं. शेवटी ती म्हणाली, "मावशी, मला सांगितलं असतंत तर मी काही दिवस एकटी फिरले असते. एवढंच झालं असतं." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी नाकातोंडातला नमुना नेला, त्याच्या पुढच्या दिवशी आजार असल्याचं कळलं. दारावर कागद लागला. बाई आतल्या खोलीत, नवरा बाहेरच्या. मध्ये आठ पावलं, पण बोलणं फोनवर. दार वाजवून जेवणाचं ताट ठेवून तो मागे सरायचा आणि फोन करून सांगायचा, ताट ठेवलंय. बाई म्हणायच्या, ऐकू आलं मला. चव कशाचीच लागत नव्हती. मीठ जास्त झालंय का, असं तो रोज विचारायचा आणि रोज त्याला आठवायचं की हिला विचारून उपयोग नाही.

पाचव्या दिवशी त्याचंही पोट बिघडलं आणि हातापायांतलं बळ गेलं. ताप आला नाही, खोकला नाही, दोन दिवसांत उठून बसला. तपासणीत तोच आजार निघाला. "मला अर्ध्या तिकिटात झाला," तो फोनवर म्हणाला. त्या हसल्या आणि हसण्याचा खोकला झाला, तो दहा मिनिटं थांबेना.

त्यांचा स्वतःचा आजार असा सोपा नव्हता. पाच दिवस ताप, मग ताप उतरला आणि सातव्या दिवशी मोरीपर्यंत जाऊन येताना धाप लागली. केंद्राने पाठवलेलं यंत्र बोटाला लावलं तर त्र्याण्णव. डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, पालथं झोपून राहा, तासा-तासाने बघा, आणखी खाली गेला तर लगेच गाडी पाठवते. बाई उशीवर छाती टेकवून पडून राहिल्या. मिस्त्रींचं 'मला दमबिम काही लागत नाही' त्यांना आठवत होतं, म्हणून आपल्याला बरं वाटतंय की नाही यावर त्यांनी विश्वास ठेवला नाही, फक्त आकड्यावर ठेवला. त्र्याण्णव, चौऱ्याण्णव, पुन्हा त्र्याण्णव. तीन दिवस असं चाललं. मग हळूच पंचाण्णव झाला आणि खाली आला नाही.

सिस्टर रोज संध्याकाळी फोन करायची. ताप? खोकला? जुलाब? छातीत दुखतंय? प्रश्न यादीतले, आवाजही यादीतला. बाई एकेकाचं खरं उत्तर द्यायच्या. नवव्या दिवशी प्रश्न संपल्यावर तिने विचारलं, "मावशी, झोप लागते का?" हा प्रश्न यादीत नव्हता. बाईंना बरं वाटलं. मग त्यांनी जे विचारायचं होतं ते विचारलं. सिस्टरने सांगितलं, की तिची स्वतःची तपासणी ठीक आली. पस्तीस घरांपैकी चौतीस घरांत काही निघालं नाही. हिरव्या दारातल्या वहिनी आणि त्यांची मुलगी, दोघींना आजार निघाला. घरीच आहेत, जास्त काही नाही. त्यांच्या घरच्यांचं किराणा दुकान आहे, ते साथीत रोज उघडं होतं, त्यामुळे कुठून आला ते कुणालाच सांगता यायचं नाही.

बाई पुन्हा घराबाहेर पडल्या तेव्हा महिना उलटून गेला होता. जिना उतरताना मधल्या वळणावर बसावं लागलं. केंद्राकडे जाण्याआधी त्या तिसऱ्या गल्लीत गेल्या. वाटेत मिस्त्रींचा कारखाना उघडा दिसला. मिस्त्री सतरा दिवसांनी दवाखान्यातून परत आले होते, निम्मे होऊन. ते स्टुलावर बसून सांगत होते आणि सून फळीवर रंधा मारत होती. एका दमात जेवढं बोलता येईल तेवढंच बोलत होते, त्यामुळे त्यांच्या सूचना अगदी मुद्द्याच्या झाल्या होत्या. बाईंना बघून त्यांनी रंधा थांबवायला सांगितलं आणि हात वर केला. बाईंनीही केला.

हिरवं दार वहिनींनी उघडलं. बाई पायरीच्या खाली, लांब उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, की मी त्या दिवशी आजारी होते आणि मला ते ठाऊक होतं. तुमच्याकडे आजार माझ्याकडून आला असेल.

"मास्क काढून पाणी प्यायलात तुम्ही," वहिनी म्हणाल्या. "मला तेव्हाच वाटलं होतं. पण पाण्याला नाही कसं म्हणायचं?"

बाईंनी सबब सांगितली नाही. मग वहिनींनी विचारलं, "तुम्हाला वास यायला लागला का?"

बाईंनी सांगितलं, की थोडा थोडा येतो, पण वेडावाकडा. साबणाला रबर जळल्याचा वास येतो. खळीचा अजून नाही. वहिनी म्हणाल्या, मला आला परत, पण हिला नाही. मुलगी आईच्या मागून डोकावत होती. नवा वासाचा खोडरबर आणला तर हुंगून रडायला लागली, म्हणे. बाईंनी तिला सांगितलं, की डॉक्टरीणबाई म्हणतात रोज चार ओळखीच्या वस्तू हुंगायच्या आणि त्यांचा वास आठवायचा, नाकाला पुन्हा वाट सापडते. मुलीने विचारलं, तुम्ही कोणत्या हुंगता? खळ, साबण, चहाची पूड आणि आमच्या ह्यांचा जुना सदरा, असं बाईंनी सांगितलं. मुलगी नाक मुरडून हसली. वहिनी हसल्या नाहीत, पण दार लावताना, जपून जा, म्हणाल्या.

आठवडाभराने बाई पुन्हा कामावर रुजू झाल्या. बस अजून सुरू झाल्या नव्हत्या. सिस्टर केंद्राच्या फाटकाशी पिशवी घेऊन उभी होती. दोघी पहिल्या गल्लीत शिरल्या, बाई सावकाश आणि सिस्टर त्यांच्या चालीने. पहिलं घर जिन्याखालचं. म्हाताऱ्या बाईंनी दार उघडलं आणि उघडता उघडताच, आमच्याकडे कुणाला ताप नाही, म्हणून सांगून टाकलं.

बाईंनी बंदूक स्वतःच्या कपाळाला लावली. मग यंत्र स्वतःच्या बोटाला लावलं आणि हात म्हाताऱ्या बाईंच्या बाजूला लांब केला.

"आजी, आधी माझं बघा," त्या म्हणाल्या. "किती आहे ते मोठ्याने वाचा."

म्हातारीने डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, वाकली आणि एक एक आकडा लावून वाचलं, शहाण्णव. सिस्टरने ते लिहून घेतलं. म्हातारी आणखी थोडा वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली. मग पदराला हात पुसून तिने स्वतःचं बोट पुढे केलं आणि म्हणाली, की कालपासून घशात जरा खवखवतंय खरं.